सवत बैलगाडीतून आली

दसरा जवळ आला की निगडीतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग सतत ओलं असतं. खंडेनवमीच्या सकाळी तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. बादल्या, पाइप, जुने बनियन, साबणाचा फेस आणि मध्ये रांगेने उभ्या मोटारसायकली. कुणी चाकाच्या तारा पुसतं, कुणी हँडलला झेंडूची माळ गुंडाळतं, कुणी नारळ कुठे फोडायचा यावरून वाद घालतं. मी वर गॅलरीत खुर्ची टाकून बघत बसते. ऐंशी ओलांडलेल्या बाईला सकाळचं दुसरं काम तरी काय असतं?

यंदा माझी नात तिच्या मोटारसायकलला हळदकुंकू लावत होती. ती चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. रोज सकाळी हेल्मेट घालून निघते आणि मला खालून हात करते. तिचा नवरा बादली धरून शेजारी उभा होता. "निखिल, हार तिरका झालाय रे, नीट कर ना," ती म्हणाली. त्याने निमूटपणे नीट केला आणि म्हणाला, "प्राजू, आता तरी बघ, बरोबर आहे का?"

मला हेवा वाटला. सख्ख्या नातीचा हेवा करणारी आजी कुठे असते का, असं विचाराल तर असते, इथेच गॅलरीत बसलेली असते. तिच्या गाडीचा हेवा नाही वाटला. चारचौघांत तिने त्याला नावाने हाक मारली, त्याचा वाटला, आणि त्याने तिला मारली त्याचा जरा जास्तच वाटला. झेंडूचा वास आला की हा हेवा माझ्याकडे येतो आणि बसायला जागा मागतो. इतकी वर्षं झाली, मी त्याला नाही म्हटलेलं नाही.

तो पहिल्यांदा आला ते साल मला आठवत नाही, पण पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नुकता सुरू झाला होता. तिकडून वारा आला की आंबलेल्या पिठासारखा एक वास चिंचवड गावापर्यंत यायचा. म्हातारी माणसं नाकाला पदर नाहीतर उपरणं लावायची आणि तरणी माणसं सायकली काढून त्या वासाच्या दिशेने कामाला जायची. आमचे हे तिथेच फिटर होते. ह्यांचं नाव मी लिहिणार नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. आता ह्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली, नाव लिहायला कुणाची आडकाठी नाही, तरी हात अडतो.

मी चाकणची. वडील शाळामास्तर, घरची थोडी भुईमुगाची जमीन. उन्हाळ्यात लग्न झालं आणि मी चिंचवडला आले. माप ओलांडून आत आले, तशी सासूबाईंनी पहिली गोष्ट केली ती माझं नाव काढून घेतलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. नाव बदलायची रीत तेव्हा सगळीकडेच होती, पण नवऱ्यामुलाच्या पसंतीचं नाव ठेवायचे. आमच्याकडे तसं झालं नाही. "मंजुळा ह्ये नाव आपल्या घराला धार्जिणं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "तुज्या सासऱ्यांची भन व्हती त्या नावाची. हिरीत ग्येली. ह्या उंबऱ्याच्या आत त्ये नाव पुन्यांदा निघायचं न्हाई." आणि तांदळाच्या ताटात ह्यांच्या हातून दुसरंच नाव लिहून घेतलं, शांता.

मी शांता कधीच नव्हते. माझ्या आईला विचारायला हवं होतं.

ह्यांनाही ते नाव मानवलं नसावं. ते मला शांता म्हणायचे नाहीत. दुसरंही काही म्हणायचे नाहीत. चहा हवा असला की खाकरायचे. पाणी हवं असलं की भिंतीकडे बघून "पाणी आणा कुणीतरी" म्हणायचे, आणि घरात दुसरं कुणीच नसायचं. तेव्हाचे सगळेच नवरे असे होते म्हणा. बायकोला नावाने हाक मारणारा माणूस म्हणजे बाईलवेडा. मी 'कुणीतरी' म्हणून पाणी घेऊन जायचे.

आषाढात एके दिवशी गल्लीत बैलगाडी येऊन थांबली. गाडीत गोणपाटाखाली काहीतरी झाकलं होतं, आणि हे नि ह्यांचा दोस्त बाबू दोन्ही बाजूंनी ते धरून चालत होते. नव्या नवरीच्या डोलीबरोबर चालतात तसे. देहूरोडला लष्कराच्या डेपोत जुन्या सामानाचा लिलाव व्हायचा. त्यात लढाईच्या काळातली एक मोटारसायकल ह्यांनी उचलली होती. टाकी एकीकडे, चाकं एकीकडे, इंजिन पोत्यात. हिरवा रंग पोपडे धरून सुटत होता. गल्लीतलं सगळं गाव गोळा झालं.

शेजारची हौसा माझ्याच वयाची, पण तोंडाची फटकळ. ती माझ्या कानाला लागून म्हणाली, "शांते, बघून घे. तुजी सवत बैलगाडीतनं आली गं."

मी हसले. तेव्हा हसू आलं खरं.

पावसाळाभर ती गोठ्यात होती. म्हैस बाहेर छपराखाली भिजायची आणि ती आत, कोरड्यात. कारखान्याची शिफ्ट संपली की हे सरळ गोठ्यात. घरात यायच्या आधी तिच्याकडे. मी दारातून बघायचे. ह्यांचे हात मला फार आवडायचे, हे लिहायला आता लाज कसली. लांब बोटं, नखांत काळं तेल. एकेक पुर्जा रॉकेलमध्ये धुऊन, उजेडाकडे धरून, फुंकर घालून ते पुसायचे. पुसायला मऊ फडकं लागतं म्हणून माझं एक जुनं पातळ मागून नेलं. म्हणजे मागितलं नाही, "जुनं लुगडं असंल कुणाचं तर बघा" असं आत्याबाईंना म्हणाले. माहेराहून आणलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं माझं अंजिरी पातळ गेलं. ते तिच्या अंगावरून फिरताना बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या केसांतून कधी फिरला नव्हता तो हात.

संध्याकाळी गोठ्यात दरबार भरायचा. कारखान्यातली पोरं, तालमीतली पोरं, दूध घालून परतणारे, एक रिटायर हवालदार. कुणाला काही कळत नव्हतं, पण प्रत्येकाचं मत होतं. "प्लगमधी कचरा हाय राव." "प्लग न्हाई, मॅग्नेटो ग्येला." "आरं, तिला उन्हं दाव जरा." त्या गर्दीसाठी चहा मी करायचे. कपबश्यांचं तबक बाबू येऊन दारातून न्यायचा. आतून हसणं ऐकू यायचं, मध्येच ह्यांचं मोकळं हसणं. घरात ह्यांना दात आहेत हेसुद्धा कुणाला दिसायचं नाही.

नदीवर धुणं धुताना हौसा रोज विचारायची, "सवतीचं न्हाणं झालं का आज?" बाकीच्या बायका खिदळायच्या. आषाढात मीही हसायचे. भाद्रपदात हसणं बंद झालं. धुण्याचा पिळा मी इतक्या जोरात आपटायचे की आत्याबाई म्हणायच्या, कापडं फाडती ही पोरगी.

नवरात्रात घटाचं धान बोटभर वर आलं होतं, बाजरीची कणसं भरून वाकली होती, आणि एका दुपारी गोठ्यात स्फोट झाल्यासारखा आवाज झाला. कोंबड्या पत्र्यावर गेल्या. म्हैस दावं तोडून पळाली. निळ्या धुरातून हे बाहेर आले, तोंड काळं, आणि डोळ्यांत असं काही की मी तोंड फिरवलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे नुसतं एकदा बघून खाली मान घातली होती.

खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर तिची पूजा झाली. ओवाळायला मलाच सांगितलं. मी तिला हळदकुंकू लावलं, हार घातला, ओवाळलं, आणि मनात म्हटलं, ऊठ आता, जा कुठे जायचं ते.

ती जायची की. सगळ्यांना घेऊन जायची. आमच्या पेठेत तेव्हा दुसरी फटफटी नव्हती. वैद्यबुवांना तिच्यावरून रुग्णाकडे नेलं. हवालदारांना पेन्शन घ्यायला नेलं. बाबू तर रोजच मागे. एकदा एक अडलेली शेळी पोत्यात घालून ढोरांच्या डॉक्टरकडे गेली. मागे लोखंडी कॅरिअर होता, बसणाऱ्याला टोचायचा. "बसायला कायतरी मऊ पायजे" असं भिंतीला सांगून झालं, तेव्हा मी गोधडीचा चौकोन शिवून दिला. चार पदरी, कडेने बारीक टाके. तो शिवताना मी वेड्यासारखी स्वतःच्या बसण्याचं माप धरत होते. सगळं गाव त्या गोधडीवर बसलं. ती शेळीसुद्धा बसली.

मला त्या जागेवर बसायचं होतं. दागिना नको होता, पातळ नको होतं. एकदा, फक्त एकदा, ह्यांच्या पाठीमागे बसून रस्त्याने जायचं होतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नव्हती. भर उजेडात नवऱ्याला टेकून पेठेतून जायचं म्हणजे आत्याबाईंना विहिरीची वाट दाखवण्यासारखं होतं. आम्ही देवळात जायचो तेव्हाही हे पुढे आणि मी इतकी मागे की अनोळखी माणसाला आम्ही एकाच घरचे वाटलो नसतो.

तरी माझ्या मनात एक दिवस होता. दिवाळसण. पहिल्या दिवाळीला जावयाला सासरी बोलावतात. आम्हा दोघांना चाकणला जायचं होतं, आणि फटफटी तयार होती. आत्याबाई घरी राहणार होत्या. मी मनातल्या मनात पदर कसा खोचायचा, कुठल्या बाजूला तोंड करून बसायचं, हे सगळं ठरवून ठेवलं. हौसाला एकदा विचारलंही, धरायचं कुठे असतं गं? ती म्हणाली, "पोटाला." मी दिवसभर लाल होते.

निघायच्या दिवशी पहाटे अंगणात बैलगाडी जुंपलेली दिसली. गाडीत फराळाचे डबे, माझी ट्रंक, शाल पांघरलेला आमचा म्हातारा गडी. "सूनबाई, तुमी गाडीतनं निघा," आत्याबाई म्हणाल्या. "त्ये यील मागनं फटफटीवर. संगं बाबू हाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टायरमध्ये हवा बघत होते.

भोसरीच्या अलीकडेच ते दोघे आम्हाला ओलांडून पुढे गेले. बाबूने गोधडीवरून मागे वळून मला हात केला. धूळ बसेपर्यंत मी तोंडावर पदर धरला. नंतरही धरूनच ठेवला, कारण गड्याने माझं तोंड बघू नये असं मला वाटत होतं. दोन्ही बाजूला बाजरी काढायची घाई चालली होती, बायका गाणी म्हणत होत्या, आणि मला प्रत्येकीचा राग येत होता. बैलांना कसली घाई नव्हती.

चाकणला पोचले तेव्हा ऊन तापलं होतं. मला वाटलं, निदान माहेर तरी माझं आहे. आई उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी असेल, माझ्यावरून ओवाळून टाकेल. उंबऱ्यात कुणी नव्हतं. सगळे अंगणात, फटफटीभोवती. वडील चष्मा पुसून पुसून टाकी बघत होते. आळीतली माणसं मांडवाला जमावी तशी जमली होती. तिच्या पुढच्या चाकावर पाणी ओतलेलं होतं, दिव्यावर कुंकू होतं, आणि चाकापाशी भाकरीचा तुकडा पडला होता. आईने जावयावरून ओवाळताना तिच्यावरूनही ओवाळला होता. माझी गाडी दाराशी लागली हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग आईचं लक्ष गेलं. तिने तिथूनच लेकुरवाळ्या गायीसारखी हाक मारली, "मंजू, ये गं बाई, मंजू..."

तेवढ्यात बाबू मोठ्याने म्हणाला, "आवं मावशी, ती आशी हाक मारून न्हाई यायची. तिला किक मारावी लागती."

आईला काही कळलं नाही. माणसं हसायला लागली. बाबू फुशारला. "आवाज ह्यो आसा, आन नाव काय तर मंजुळा. आमच्या दोस्तानं ठिवलंय. घरात गपगार आसतो, पन एकदा गावाची येस वलांडली की ह्याची भाषा ऐका तुमी. चल मंजू. हळू मंजू. चढ लई हाय, दमलीस का मंजू?"

बाबूची काही चूक नव्हती. आमच्या गल्लीत मी शांता होते. माझं माहेरचं नाव त्याला कुठून माहीत असणार? वडिलांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चष्मा डोळ्यांवर चढवून ते काहीतरी निमित्त काढून आत गेले. हे जमिनीकडे बघत उभे होते. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

मी ट्रंक उचलली आणि घरात गेले. आईने पाणी दिलं, ते प्यायले नाही. माझं पातळ त्या फटफटीने नेलं, माझी गोधडी नेली, माझी जागा नेली, माझ्या आईचा भाकरतुकडा नेला, ते सगळं मी एक वेळ सोसलं असतं. पण 'दमलीस का' हे सोसवेना. लग्न झाल्यापासून मला तसं कुणीही विचारलं नव्हतं. मी आडाचं पाणी शेंदून दमले होते, दरबाराचा चहा करून दमले होते, बैलगाडीत हाडं खिळखिळी होऊन दमले होते. आणि ज्या नावाने विचारायला हवं होतं त्या नावाने एका लोखंडाला रोज विचारलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मळ्यात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसले होते. हे येऊन समोर उभे राहिले. इथे भिंत नव्हती, त्यामुळे माझ्याकडेच बघावं लागलं.

"राग आला व्हय?"

मी वेल झटकला. "माझं नाव तिला का दिलंत?"

बराच वेळ हे शेंगेची माती काढत होते. मग म्हणाले, "तुला बघाया आलो तवा तुज्या आईनं हाक मारली व्हती. मंजू, पोहे आण. तवाच ठरवलं. मग घरात आईनं त्ये नाव बंद क्येलं. शांता माज्या त्वांडात बसत न्हाई. उंबऱ्याच्या आत म्हनायचं न्हाई, म्हनून भायेर म्हनतो."

एवढं बोलणं ह्यांनी माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं. मी विरघळायला हवं होतं. थोडी विरघळलेही. पण हेवा काही तेवढ्याने जात नाही. मी म्हटलं, "मग मलापण बाहेर न्या."

"आई काय म्हनंल?"

"भोसरीपर्यंत न्या. तिथून मी गाडीत बसेन."

परतीच्या दिवशी बाबूला पहाटेच बैलगाडीत बसवून पुढे धाडलं. तो गड्याशेजारी रुसून बसला होता. त्याला गाडीत बसलेलं बघून मला जो आनंद झाला तो दिवाळीच्या कुठल्या फराळाने झाला नाही.

ह्यानंतर मी त्या गोधडीवर फार वेळा बसले नाही. पुढे मुलं झाली, आत्याबाई थकल्या, ह्यांची शिफ्ट बदलली, आणि ती फटफटी कुणा तळेगावच्या माणसाने नेली. नेली त्या दिवशी हे जेवले नाहीत आणि मी दोन घास जास्त जेवले. आत्याबाई गेल्यावर उंबऱ्याआत ते नाव घ्यायला कुणाची मनाई उरली नव्हती. मी वाट बघितली. पण तोवर ह्यांची जीभ 'अगं'ला सवकली होती. शेवटपर्यंत 'अगं'च. दवाखान्यातही, हात हातात असताना, 'अगं, खिडकी लाव'. 'अगं'मध्येही माया असते, मी नाही म्हणत नाही. पण गल्लीतल्या कुठल्याही बाईला 'अगं' म्हणता येतं.

त्या परतीच्या सकाळी मात्र मी मागे बसले होते. चाकण मागे पडलं तसा वारा कानांत शिरला, पदर सुटू नये म्हणून मी तो दातांत धरला. पोटाला धरायचं धाडस झालं नाही, सदऱ्याची कड धरली. सदऱ्याला तेलाचा आणि उटण्याचा वास येत होता. झाडं मागे पळत होती, रस्त्याने चाललेली माणसं थांबून बघत होती, आणि मला वाटत होतं, बघा, सगळ्यांनी नीट बघून घ्या.

इंद्रायणी ओलांडली आणि मोशीचा चढ लागला. दोघांचं ओझं तिला जड झालं. आवाज तुटक यायला लागला, वेग इतका उतरला की शेजारून चाललेली एक म्हातारी आमच्या बरोबरीने आली. हे पुढे वाकले. डावा हात हँडलवरून काढून त्यांनी टाकीवर ठेवला, हळूच थोपटलं आणि म्हणाले,

"चल मंजू. दमलीस का?"

"नाही," मी म्हटलं. दातांतला पदर सुटला, म्हणून जरा मोठ्याने म्हटलं गेलं.

ह्यांची पाठ हलली. ते हसत होते, हे मला त्या पाठीवरून कळलं. पण चेहरा कुणाकडे होता, ते मागच्या जागेवरून दिसत नाही.